दोन मोज्यांचा पाय

युद्धाआधी त्या कारखान्यात घोड्यांची खोगिरं शिवली जायची. मग सरकारने घोडे नेले. घोडे काही परत आले नाहीत, आणि जी माणसं परत आली त्यांतल्या बऱ्याच जणांचा एखादा पाय तिकडेच राहिला होता. टेकडीवरच्या लष्करी इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी खोगीरवाल्याला बोलावून विचारलं, "घोड्याच्या पाठीला लागणार नाही असं चामडं शिवता, तर माणसाच्या पायाला लागणार नाही असं शिवाल का?"

"घोडा बोलत नाही, म्हणून तिथे जास्त अक्कल लागते," खोगीरवाला म्हणाला. "माणूस निदान ओरडतो तरी."

तेव्हापासून तिथे पाय तयार होऊ लागले. लाकडाचं काम बापाचं आणि चामड्याचं काम मुलीचं. तिसऱ्या वर्षी बापाची नजर अधू झाली, तेव्हा माप घेणं, पाय बसवणं आणि शेवटी कागदावर सही करणं, हेही मुलीकडेच आलं. ती एकतीस वर्षांची होती, आवाज खणखणीत होता, आणि बरे होत आलेले सैनिकसुद्धा तिच्यापुढे मुकाट्याने उभे राहायचे. सगळे तिला कॅप्टनबाई म्हणत. तिच्या हातचा पाय तक्रार घेऊन कधी परत येत नाही, असं इस्पितळात बोललं जाई. ते खरंच होतं, पण खरं सांगायचं तर तसं बोलायला सुरुवात तिनेच केली होती.

हा धंदा बाहेरच्याला वाटतो तितका सोपा नाही. कापलेला पाय म्हणजे दगड नव्हे. पहिलं वर्षभर तो बारीक होत राहतो, आणि चामड्याची खोळ मात्र एकदा साच्यावर वाळली की तेवढीच राहते. मधली जागा भरायला लोकरीचे मोजे घालायचे, टाच नसलेले, विणीत गाठ नसलेले. दोन मोज्यांवर बसवलेला पाय दोन मोज्यांवरच घालायचा. एकच घातला तर माणूस खोळीत खाली घसरतो आणि टोक ठेचतं. तीन घातले तर वर राहतो आणि बदकासारखा डुलत चालतो. प्रत्येक माणसाला हे ती तीनदा सांगायची आणि चौथ्यांदा त्याच्याकडून वदवून घ्यायची.

नोव्हेंबरच्या मध्यावर इस्पितळातून एक गवंडी आला. डावा पाय गुडघ्याखाली वीतभरच उरला होता. कुबड्या दाराशी टेकवून तो स्टुलावर बसला. तिने मापाची फीत काढली, तर गवंड्याची नजर तिच्याकडे नाही, भिंतीतल्या शेगडीकडे.

"हे धुराडं कोणी बांधलं?" त्याने विचारलं.

"आजोबांनी. का?"

"रागावणार नसाल तर सांगतो. उलटं बांधलंय. निम्मी ऊब बाहेरच्या कावळ्यांना जाते."

"मी रागावलेय," ती म्हणाली. "पाय सरळ करा."

त्याने पाय सरळ केला आणि हसला. हसताना त्याच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडत. उन्हात काम करणाऱ्या माणसाला पडतात तशा. तिने माप लिहून घेतलं, पुन्हा घेतलं आणि पुन्हा लिहिलं. दोन्ही वेळा आकडा एकच होता. दुसऱ्यांदा घ्यायचं काहीच कारण नव्हतं.

पाय तयार होईपर्यंत गवंड्याला चार-पाच वेळा यावं लागलं. दर खेपेला, काम आटोपलं की तो जमिनीवर बूड टेकवून शेगडीपाशी बसायचा आणि एकेक वीट सोडवून पुन्हा लावायचा. खोगीरवाल्याला तो आवडला, कारण तो कमी बोलून जास्त बघायचा. घरात आणखी एक होती ती आत्या, खोगीरवाल्याची विधवा बहीण. तिला मात्र तो जरा जास्तच आवडला. "बैठ्या कामाला पाय कशाला लागतो?" ती भाचीच्या कानाशी पुटपुटायची. "शेगड्या बसूनच बांधतात. असा माणूस जन्मभर उपाशी मरायचा नाही."

"आत्या, मी माप घेते आहे, स्थळ बघत नाहीये."

"माझं बघून झालं," आत्या म्हणाली.

डिसेंबरच्या पहिल्या दिवशी पाय बसला. दोन आडव्या दांड्यांच्या मधून गवंडी चालला, मग दांड्या सोडून चालला, आणि तिने मनातल्या मनात सही करून टाकली. शेगडीही त्याच दिवशी पुरी झाली. धूर सरळ वर गेला. आता उरला फक्त कागद.

त्या कागदाची गंमत अशी होती. पाय नीट बसल्याचा शेरा त्यावर पडला की माणूस इस्पितळातून मोकळा आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने घरी. शेरा पडेपर्यंत मात्र तो माणूस तिथेच, आणि त्याच्या मागचा माणूसही तिथेच. कारण दांड्यांची जोडी एक, कारागीर दोन, आणि एकाचा कागद झाल्याशिवाय दुसऱ्याला खाली पाठवायचं नाही असा डॉक्टरांचा नियमच होता. तिने लेखणी शाईत बुडवली. तेवढ्यात गवंडी म्हणाला, "दोन दिवस घालून बघू का? मग करा सही."

मागणी रास्त होती. ती "बरं" म्हणाली, आणि ते तिने फार चटकन म्हटलं.

दोन दिवसांनी गवंडी परत आला. खाली टोकाला लागतंय, म्हणाला. तिचा पाय, आणि तक्रार! तिने खोळ काढून उजेडात धरली. चामडं खोटं बोलत नाही. जिथे माणूस टेकतो तिथे ते काळपट होऊन चकाकतं. ही चकाकी हवी त्यापेक्षा बोटभर खाली होती, तळाशी, जिथे काही टेकायलाच नको होतं. म्हणजे माणूस घसरत होता. म्हणजे त्याने दोनाच्या जागी एकच मोजा घातला होता. पोरालाही कळलं असतं.

"मोजे किती घातले होते?" असं तिने विचारायला हवं होतं. तिने विचारलं नाही. तिने आरी घेतली, नाडीची भोकं अर्ध्या बोटाने सरकवली, आणि म्हणाली, "आठवड्याने दाखवा."

आता एवढी हुशार बाई असं का वागली, हे मी काय सांगू? तिला कळलं होतं की तो मुद्दाम करतोय. का करतोय तेही कळलं होतं. आणि ते कळल्यावर तिला इतका आनंद झाला, की त्या आनंदापुढे अकलेचं काही चाललं नाही. ती भोकं सरकवण्यात काडीचा अर्थ नव्हता. खोगीरवाल्याला हाताने चाचपूनही ते कळलं असतं, म्हणून त्याच्या हातात तिने ती खोळ पडू दिली नाही. बापापासून कामातली गोष्ट लपवायची तिची ही पहिलीच वेळ.

आठवड्याने गवंडी आला. पुन्हा तळाशी चकाकी. तिने पुन्हा भोकं होती तिथे आणली. त्या दिवशी दोघं तासभर बोलत बसली, चुना कसा विरवायचा आणि चामडं कसं भिजवायचं यावर. असल्या विषयांवर कुणी इतकं रंगून बोलत असेल असं दुसऱ्या कुणाला वाटलं नसतं. गवंड्याचे भाऊ-वहिनी दोन दिवसांच्या अंतरावरच्या गावात होते. त्यांनी त्याच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती.

"मग आनंद आहे," ती म्हणाली.

"हो ना," तो म्हणाला, आणि दोघंही खाली बघायला लागली.

बारा तारखेला सकाळी दारात एक शिंपी उभा राहिला. इस्पितळाच्या पायजम्यावर कोट, काखेत कुबड्या, आणि टेकडी उतरून आल्यामुळे कपाळावर घाम. त्याला कोणी पाठवलं नव्हतं.

"ताई, भांडायला आलो नाही," तो म्हणाला. "फक्त विचारायला आलो. गवंड्यानंतर माझा नंबर आहे. घरी तीन मुली आहेत. नाताळला दोन पायांवर येतो, असं त्यांना लिहून बसलोय. होईल ना?"

"गवंड्याचा पाय अजून..." तिने सुरुवात केली.

"हो, त्याचा पाय अवघड असेल," शिंपी समजुतीने म्हणाला. "नाहीतर तुमच्या हातून एवढा वेळ लागत नाही. आमच्या वॉर्डात सगळे हेच म्हणतात, की कॅप्टनबाई उगाच कुणाला अडकवून ठेवणार नाही."

तिला भूमी दुभंगावी असं वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. तिने शिंप्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि नियम मोडून तिथल्या तिथे त्याचं माप घेतलं. मग इस्पितळात चिठ्ठी धाडली, की गवंड्याला उद्या सकाळी सगळे मोजे घेऊन पाठवा. 'सगळे' या शब्दाखाली तिने दोनदा रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला तो पडलेल्या चेहऱ्यानेच. खोगीरवाला मागच्या खोलीत लाकूड तासत होता. तिने दार लोटून घेतलं.

"दोन्ही मोजे घाला," ती म्हणाली.

त्याने घातले. पाय बसवला. नाडी ओढली.

"चाला."

तो खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. पाय असा बसला होता, की अनोळखी माणसाला कुठला लाकडाचा ते ओळखता आलं नसतं.

"कुठे लागतंय?"

"कुठेच नाही," तो म्हणाला. मग मान खाली घालून म्हणाला, "कधीच लागत नव्हतं. मी एक मोजा खिशात ठेवायचो. तुम्हाला फसवलं. माफ करा."

"मला कुणी फसवलं नाही. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

त्याने मान वर केली.

"म्हणजे चूक माझी मोठी," ती म्हणाली. "तुम्ही गवंडी. तुम्हाला चामड्यातलं काय कळतं? मला सगळं कळत असताना मी खोट्या दुरुस्त्या करत बसले, आणि एक माणूस टेकडीवर दिवस मोजत राहिला. तीन मुलींचा बाप. तो काल इथे येऊन माझी स्तुती करून गेला. मला जेवण गेलं नाही."

"मला त्याचं माहीत नव्हतं," तो हळूच म्हणाला.

"मला माहीत होतं. रांग माझ्याकडेच असते." तिने कागद समोर ओढला. "आता नीट ऐका, मी दोनदा सांगणार नाही. मला तुम्ही आवडता. फार आवडता. ही एक गोष्ट. पाय बरोबर आहे, ही दुसरी. या कागदावर दुसरीचीच जागा आहे, म्हणून तिच्यावर सही करते." आणि तिने सही केली, नेहमीच्या ठसठशीत अक्षरात.

गवंडी दोन पायांवर उभा होता म्हणून बरं, कुबड्या असत्या तर गळून पडल्या असत्या. "मग मी जातच नाही," तो म्हणाला. "इथेच राहतो. गावात शेगड्या काय कमी आहेत?"

"नाही. जायचं."

"आत्ताच तर म्हणालात..."

"म्हणाले, आणि परत म्हणेन. पण तुम्ही आठ महिने इस्पितळात आहात. तिथे बोलायला कोण, तर औषध देणारी नर्स आणि शेजारच्या खाटेवरचा कण्हणारा माणूस. खाली उतरलात की मी. अशा वेळी कोणीही बरी वाटेल. घरी जा. भावाजवळ बसा, रंगवलेल्या खोलीत झोपा, ओळखीच्या माणसांत हिंडा. तिथे बसूनही इथे यावंसं वाटलं तर या."

"येईन. पायाची दुरुस्ती म्हटलं की रेल्वेचा परवाना लगेच मिळतो."

हे खरं होतं. युद्धात साध्या माणसाला गाडीत चढू देत नसत. सैनिकाला मात्र पायाची तक्रार लिहून दिली की इस्पितळापर्यंतचं तिकीट मिळायचं.

"ते चालणार नाही," ती म्हणाली. "पायाचं दुखणं घेऊन माझ्याकडे रोज माणसं येतात. मला तसा एक आणखी नकोय. काही दुखत नसताना या."

तो कागद घेऊन गेला. खिडकीतून तिने त्याला टेकडी चढताना पाहिलं. तो सरळ चालत होता. आपलंच काम बघून तिला इतकं रडू यावं, हे तिला अजिबात पटलं नाही, तरी ती रडली. मग तोंड धुतलं, मागच्या खोलीत जाऊन बापाला सगळं सांगितलं, मोज्यांपासून भोकांपर्यंत. गवंडी आवडतो हे तेवढं सांगितलं नाही. खोगीरवाल्याने रंधा खाली ठेवला. "शिंप्याचं लाकूड काढ," एवढंच तो म्हणाला.

पायाला एरवी पंधरा दिवस लागतात. शिंप्याचा पाय त्यांनी दहा दिवसांत केला. खोळ नव्या शेगडीजवळ वाळवली, तर खरंच एका दिवसाची बचत झाली. तेवीस तारखेला शिंपी दांड्या सोडून चालला आणि त्याच दुपारी त्याच्या कागदावर सही पडली. जाताना त्याने तिच्या बाहीचं उसवलेलं टोक बघितलं, सुई मागून घेतली आणि उभ्या उभ्या, दोन पायांवर, ते शिवून दिलं. चोवीस तारखेच्या पहिल्या गाडीने तो घरी गेला.

गवंड्याकडून काही आलं नव्हतं. बारा दिवस झाले होते. पत्रं उशिरा येतात, तपासणीत अडकतात, हे सगळं ठीक. पण तिने हिशेब करून पाहिला होता, आणि कसाही केला तरी एखादं पत्र यायला हवं होतं.

नाताळच्या दिवशी कारखाना बंद होता. आत्याने कामाचं लांब टेबल घासूनपुसून त्यावर पांढरी चादर अंथरली. दिव्यांवर बंदी असल्याने जेवण दुपारीच उरकायचं ठरलं होतं. आत्या तीन ताटल्या मांडून वळली, तर भाची चौथी मांडत होती.

"ही कुणाची?"

"गवंड्याची."

"पत्र आलं?"

"नाही."

"परवाना मिळाला असेल?"

"मिळणार नाही. मीच बजावलंय."

"अगं, मग तो येणार कसा? उडत?" आत्याने कपाळावर हात मारला. "चांगला धडधाकट माणूस, एका मोज्याचं निमित्त काढून दारात येत होता, आणि हिने त्याच्या निमित्ताला कुलूप लावलं! तुझ्या शहाणपणाला आता हात जोडायचे की काय?"

"आला तर यायचंच होतं म्हणून येईल, आत्या. नाही आला तर मला ते आजच कळलेलं बरं," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, पण सुरी ताटलीच्या चुकीच्या बाजूला ठेवली गेली.

एक वाजला. दोन वाजले. खोगीरवाला म्हणाला, "बसू या आता." सूप वाढलं गेलं. चौथ्या ताटलीकडे बघायचं नाही असं तिघांनीही ठरवलेलं दिसत होतं. आपण फार मोठ्या तोंडाने बोललो, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. माणसाला निमित्त लागतं. ते काढून घेणारी मी कोण?

दारावर थाप पडली ती तेव्हा.

खोगीरवाल्याने दार उघडलं. बाहेर गवंडी उभा होता. कोट कोळशाने काळा, बूट चिखलाने भरलेले, ओठ गारठ्याने निळे. खोगीरवाल्याला चेहरा नीट दिसला नाही, पण एका लाकडी पायाचा माणूस दारात आहे एवढं त्याला पावलांच्या आवाजावरून कळलं होतं, आणि तीन वर्षांच्या सवयीने त्याने पायानेच स्टूल पुढे सरकवलं.

"या. बसा. नाताळच्या दिवशी आलात म्हणजे फारच दुखत असेल. कुठे लागतंय?"

"कुठेच नाही," गवंडी म्हणाला.

"टोक? गुडघा?"

"काहीच नाही. मालक, कोळशाच्या गाडीतून आलो, दुधाच्या गाडीतून आलो, शेवटचे चार मैल चालत आलो. थांबत थांबत, पण चालत. कुठेही लागत नाही." त्याला धाप लागली होती. "स्टेशनावरच्या कारकुनाने तीनदा सांगितलं, पाय वाईट बसलाय एवढंच लिहा, आत्ता तिकीट देतो. मला लिहिता येईना. हा पाय ज्या हातांनी केला त्यांच्याबद्दल मी खोटं एकदा बोललोय. पुन्हा नाही बोलायचं."

खोगीरवाला गोंधळला. त्या दारातून आजवर कोणी धड माणूस आत आलाच नव्हता. "मग तुम्ही आलात तरी कशाला?" त्याने विचारलं.

गवंड्याने टेबलाकडे पाहिलं. ती खुर्चीतून उठली होती.

"बाबा, ते माझ्यासाठी आलेत," ती म्हणाली.

आत्याने सुपाचं पातेलं पुन्हा शेगडीवर चढवलं आणि पाठ करून उभी राहिली, कारण तिला डोळे पुसायचे होते. भाची पुढे झाली. सवयीने गुडघ्यावर बसून खोळ तपासायला वाकणार, तोच गवंडी म्हणाला, "नाही. आज नाही. उठा."

ती उठली. त्या खोलीत आजपर्यंत तिचे हात कधी रिकामे नव्हते. फीत, आरी, मेण लावलेला दोरा, काही ना काही असायचंच. आता या रिकाम्या हातांचं काय करायचं, ते तिला कळेना. तिने ते त्याच्या हातात देऊन टाकले.